बंद फाटकाचे चाचा

आमच्या गावात माणसाला दोन नावं असायची. एक बारशाचं आणि दुसरं रेल्वेच्या फाटकावरचं. बारशाचं मरेपर्यंत टिकायचं, फाटकावरचं मात्र गाडी बदलली की बदलायचं. कारण फाटकावर चाचा होते, आणि चाचा माणसाला त्याच्या वाहनाच्या नावानं हाक मारत. दवाखान्याचे डॉक्टर म्हणजे "लूना". आडत दुकानदार म्हणजे "राजदूत". "ओ राजदूत, जरा मागं सरका, म्हशीला जागा द्या," असं चारचौघात बोलायचे, आणि तो लाखाचा व्यवहार करणारा माणूस निमूट मागं सरकायचा.

शाळेतले गुरुजी "सायकल". गुरुजींनी रिटायर झाल्यावर चारचाकी घेतली आणि मोठ्या ऐटीत फाटकात आणून उभी केली. चाचांनी काचेतून आत डोकावून बघितलं. म्हणाले, "अरे, सायकल! आज घरात बसूनच आलात का?"

माझ्याकडं वाहनच नव्हतं, म्हणून मी नुसता अप्पा राहिलो.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. अक्षर वाकडं आहे, पण जे आहे ते माझं आहे, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं नाही. चाचांबद्दल कुणी काही लिहील असं वाटत नाही. रेल्वेच्या फाटकवाल्याबद्दल कोण लिहितो? म्हणून मीच बसलो.

आधी गाव सांगतो, नाही तर फाटकाचं महत्त्व कळायचं नाही. आमच्याकडं मांजरा नदीनं काळा खडक कापून खोल घळ केलेली आहे. दोन्ही बाजूला उभे कडे, मधून नदी. आसपासच्या पट्ट्यात गाडी-बैल उतरवता येईल असा उतार फक्त आमच्यापाशी. नायगाव-उमरीकडून लातूरला जाणाऱ्या गाड्या इथं नदीत उतरायच्या. नदीला पाणी असलं की दोन दोन दिवस थांबून राहायच्या. थांबलेल्या माणसाला खायला लागतं, बैलाला कडबा लागतो, चाकाला लोखंडी धाव लागते. म्हणून घळीत, नदीच्या काठाला, बाजार बसला. लोहार आले, कासार आले, आमच्या वडलांनी फुटाण्या-चिवड्याचं दुकान टाकलं. आमच्या गावाची सगळी बरकत लोक थांबायचे म्हणून. गावात बघण्यासारखं काही होतं म्हणून कुणी थांबलं, असं नाही.

पुढं सडकवाल्यांनी वर उंच पूल बांधला आणि सडक घळीतून उचलून माळावर नेली. खालचा बाजार वर्षात सुकला. सगळे वर गेले, आमचे वडील गेले नाहीत. "सडक येडी हाय, येईल परत," म्हणायचे. तीन वर्षं गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात रोज सकाळी झाडलोट करून बसले, आणि तिथंच संपले. मी हे लहानपणी डोळ्यानं बघितलं. बघून शहाणपण येतं असं म्हणतात. मला काही आलं नाही, ते पुढं सांगतो.

वर माळावर सडक आणि रेल्वे एकमेकींना जिथं कापतात तिथं फाटक. मालगाडी असो की पॅसेंजर, फाटक पडलं की पंधरा-वीस मिनिटं पडलेलंच. कधी अर्धा तास. मग तिथं टपऱ्या झाल्या. एक भज्याची, एक पंक्चरची, एक न्हाव्याची. आमचा न्हावी एवढा हुशार की फाटक पडल्याबरोबर दाढीला साबण लावायचा आणि उघडायच्या आत तोंड पुसून मोकळं करायचा. पेरूवाल्या बायका यायच्या. अशी वीसेक दुकानं झाली. त्यात माझं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी, एक भट्टी.

चाचांची आणि माझी पहिली गाठ हॉटेलाच्या आधीची. मी तेव्हा दूध घालायचो. एकदा फाटक पडलेलं, गाडीचा पत्ता नाही, म्हणून दांडीखाली वाकून पलीकडं निघालो. हातातला कॅन आधी सरकवला आणि मग मी वाकणार, तोवर चाचांनी कॅन धरला. माझा हात धरला नाही, कॅन धरला.

"दूध इकडं आलं. तू तिकडंच राहा."

"चाचा, दूध नासंल माझं."

"नासू दे. दुधाला दुसरं दूध भेटतं."

मी लई बोललो. तोंडाला येईल ते बोललो. चाचांनी कॅन उचलून त्यांच्या खोलीच्या सावलीत ठेवला, वर ओला टॉवेल टाकला आणि हिरवी झेंडी घेऊन रुळाकडं तोंड करून उभे राहिले. गाडी गेली, दांडी वर गेली, मी पलीकडं गेलो. त्यांनी कॅन दिला. दूध चांगलं होतं. चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "अप्पा, राग कुठवर आला? फाटकापतूर आला का अजून घरीच हाय?"

चाचा मूळचे उदगीरचे. घराणं जुनं, वाडवडील पितळी भांड्यांना कल्हई करायचे. बोलण्यात "हौ", "नक्को", "कायको" असायचंच. उंच, वाळकुडा माणूस, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, उन्हाळ्यातसुद्धा. त्यांचा एक हट्ट होता. फाटकावरच्या कुठल्याच दुकानाचं काही खायचं-प्यायचं नाही. मी वर्षानुवर्षं त्यांच्यापासून वीस पावलांवर चहा उकळला, त्यांनी एक घोट घेतला नाही. मला ते अपमानासारखं लागायचं. आमचं सोवळं-ओवळं असतं तसं यांचं काही आहे का, असंही वाटलं. एकदा विचारलंच.

म्हणाले, "अप्पा, फाटक लई येळ बंद राहिलं तर फायदा कुनाचा?"

"आमचा."

"मग तुझा चहा मी पेलो तर लोक काय म्हनतील? चाचा चहासाठी फाटक दाबून ठेवतो. तुझा चहा चांगला हाय, वास येतो मला. पर नक्को."

वरून आणखी एक. फाटकाच्या दोन्ही अंगाला त्यांनी दोन रांजण पुरले होते. रोज सकाळी स्वतः कावडीनं पाणी आणून भरायचे. उन्हाळ्यात थांबलेले लोक तिथं पोटभर पाणी प्यायचे आणि माझा सोडा तसाच राहायचा. मी भांडलो. "चाचा, माझा धंदा मारून राहिलात तुमी."

"धंदा भुकेचा कर ना अप्पा. तहानेचा कायको करतो?"

दुसऱ्या महिन्यापासून मी सोडा बंद केला आणि घरच्या मंडळींना धपाटे थापायला बसवलं. धपाटे आणि दही. जीपवाले लांबून लांबून फाटक पडायची वाट बघत यायला लागले. हे चाचांमुळं झालं, पण मी तेव्हा तसं कबूल केलं नाही. मी कुणाचं काही लवकर कबूल करत नाही.

मग भूकंप झाला. किल्लारीकडं गावंच्या गावं बसली. आमच्याकडं माणसं वाचली, पण घळीतली दगड-मातीची घरं सगळी फाटली. माझ्या घराची एक भिंत नदीकडं गेली. त्या दिवसापासून दगडाखाली झोपायला कुणी तयार होईना. बायका-पोरं, शेरडं-करडं घेऊन सगळं खालचं गाव फाटकापाशी माळावर येऊन बसलं. नदीनं वसवलेलं, सडकेनं अर्धं उचललेलं गाव त्या आठवड्यात उरलंसुरलं वर आलं आणि फाटकाभोवतीच राहिलं. आजही तिथंच आहे.

मदतीचे ट्रक सुरू झाले. रात्रंदिवस ट्रक. आणि फाटक पडलं की ट्रकांची ही रांग. लोक चिडायचे, चाचांच्या अंगावर धावून जायचे. "माणसं मरून राहिलीत आन् तुमी दांडी पाडता?" चाचा उत्तर द्यायचे नाहीत. पण मी बघितलं, दांडी पाडली की ते रांगेत शेवटपर्यंत चालत जायचे आणि एकेका ड्रायव्हरला विचारायचे, काय आणलंय, कुठं नेताय. सगळ्यांनी जुने कपडे आणलेले. ट्रकच्या ट्रक कपडे. आणि तिकडून परत येणारे ड्रायव्हर सांगायचे, कपडे आता रस्त्यावर पडलेत, पत्रे पाहिजेत, पाण्याचे टँकर पाहिजेत. चाचांनी काय करावं? दांडी वर गेली की कपड्याचा ट्रक बाजूला घ्यायला लावायचे आणि मागचा टँकर पुढं काढायचे. कुणी अधिकार दिला नव्हता. एक ड्रायव्हर ओरडला, "तू कोन रे ठरवनारा?"

"मी कुनी न्हाई, बाबा. मी फाटकवाला. मला सगळ्यांचं ऐकू येतं, येवढंच."

त्या आठवड्यात मी हॉटेलात होतं ते सगळं फुकट वाटलं. चांगुलपणा म्हणून नाही. चाचा तसे उभे असताना गल्ला उघडायची मला लाज वाटली.

त्यानंतर काही वर्षांत लातुरात क्लासचं वारं सुटलं. कुठल्या कुठल्या तालुक्यांतून पोरं लातूरला शिकायला निघाली. डॉक्टर व्हायचं, इंजिनिअर व्हायचं. जून लागला की फाटकावर जीपा यायच्या, टपावर गादी, पत्र्याची पेटी, बादली, आत एक घाबरलेलं पोरगं आणि त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेला बाप. आणि रोज सकाळची एसटी डब्यांनी भरलेली. घरोघरच्या आया पहाटे उठून भाकरी-भाजी करायच्या, डब्याला कापडी पिशवी शिवून वर नाव घालायच्या आणि कंडक्टरच्या हवाली करायच्या. लातूरच्या स्टँडवर पोरं येऊन आपापला डबा उचलायची. चाचा त्या एसटीला "डबेवाली" म्हणायचे. रांगेत कुठंही असू दे, डबेवालीला बोलावून पहिल्या नंबरला उभी करायचे. कुणी तक्रार केली तर म्हणायचे, "तुमचं पोट तुमच्यासंगं हाय. हिच्यातलं पोट लातुरात बसलंय."

पण गाड्या वाढल्या, रेल्वेही वाढली. फाटक दिवसातून कितीदा पडतं याला सुमार राहिला नाही. डबे पोचेपर्यंत आंबायला लागले. आईबाप वैतागले. अर्ज गेले, उपोषणाला बसायच्या गोष्टी झाल्या. आणि एक दिवस रेल्वेची दोन माणसं वह्या घेऊन आली. सात दिवस फाटकावरून काय काय जातं ते मोजणार म्हणाले. मोटार, ट्रक, बैलगाडी, सायकल, सगळं.

आता माझ्या येडेपणाची गोष्ट.

आमच्यात बातमी पसरली की ही मोजणी फाटक बंद करायसाठी आहे. वाहनं कमी भरली की फाटक कायमचं बंद, सडक दुसरीकडून वळवणार. आमच्या पलीकडच्या एका गावाचं फाटक खरंच तसं बंद झालं होतं. माझ्या डोळ्यापुढं वडलांचं दुकान आलं. घळीतलं घर गेलेलं, शेत नाही, चार पत्र्यांचं हॉटेल हेच सगळं. मी सगळ्या टपरीवाल्यांना माझ्या बाकड्यावर बसवलं. म्हणालो, "वर्दळ दाखवायची. आपल्याकडं जे जे चाक असंल ते ते फाटकातनं न्यायचं आन् आनायचं. सात दिस."

चाचांच्या कानावर गेलं. संध्याकाळी ते आपणहून माझ्या हॉटेलापर्यंत आले, आत आले नाहीत.

"अप्पा, हे नक्को करू."

"का?"

"वाहनं कमी झाली तर फाटक बंद व्हतं, हे खरं हाय. पर वाहनं लई झाली तर वर पूल व्हतो. मधलं काय ते राहू दे. जेवढी जातात तेवढी जाऊ दे."

मला वाटलं, हे आईबापांच्या बाजूचे. डबेवालीचे. मी असं बोललो की आज आठवलं तरी कान तापतात. म्हणालो, "तुमचं काय चाचा, तुमाला पगार हाय. हे फाटक गेलं तर सरकार दुसरं देईल. आमाला कोन देनार?"

चाचा "बरं" म्हणाले आणि गेले.

सात दिवस आम्ही काय केलं ते आता हसून सांगता येतं. पंक्चरवाल्यानं दुकानातल्या सगळ्या जुन्या सायकली काढल्या. बँडवाल्यांची ढकलगाडी आणली, तिच्यावर रिकामा ढोल. ट्रॅक्टर नुसता ट्रॉली खडखडवत इकडून तिकडं. एक बैलगाडी एवढ्या खेपा करायला लागली की चौथ्या दिवशी बैलांना वाट पाठ झाली. गाडीवान माझ्याकडं धपाटं खात बसायचा आणि बैल आपले आपण पलीकडं जाऊन वळून परत यायचे. मोजणारा पोरगा माझाच चहा पीत म्हणाला, "अप्पा, केवढी वर्दळ हो तुमच्या गावात! लिहून हात दुखला."

मी छाती काढून म्हणालो, "हाय मग! तालुक्याच्या गावाला न्हाई येवढी."

सातही दिवस चाचा आपली जागा सोडून हलले नाहीत. आमच्या रिकाम्या ट्रॉलीलाही बाकीच्या गाड्यांसारखीच वाट दिली. मोजणाऱ्यांना एक शब्द सांगितला नाही. का नाही सांगितला, हे मी पुढं एकदा विचारलं. म्हणाले, "त्यांचं काम मोजायचं, माझं काम फाटकाचं. तुझं काम काय व्हतं ते तुलाच ठाव."

पूल मंजूर झाला.

साहेब लोक खुणा करायला आले तेव्हा मी विचारलं, फाटक राहणार ना? साहेब म्हणाले, "एवढी प्रचंड वाहतूक आहे तुमच्याकडे, इथे पुलाशिवाय पर्यायच नाही."

पुढचं ऐका. गावात कुणाला आमची भानगड माहीत नव्हती. आईबापांना एवढंच कळलं की फाटकावर वाहनं भरपूर भरली आणि त्यात टपरीवाल्यांनी धावपळ केली. पोट बुडत असून गावासाठी झटले, म्हणून पुलाच्या भूमिपूजनाला माझा नारळ-टोपी देऊन सत्कार ठेवला. मी मांडवात उभा, गळ्यात हार, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. सरपंचांनी चाचांनाही दोन शब्द बोलायला लावलं. चाचांनी वरची गुंडी चाचपली, माझ्याकडं बघितलं आणि गंभीरपणानं म्हणाले, "अप्पानं लई मेहनत केली. बैलांनी बी केली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकालाही कळलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस आयुष्यभर मला टोचत राहणार. पण तेवढंच. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी आपणहून कधी काढली नाही, ना माझ्यासमोर, ना माझ्या माघारी. गावाला कळली असती तर मी तोंड दाखवू शकलो नसतो. माझा ताठा मला माहीत आहे. तो चाचांनी सांभाळला.

पूल व्हायला काही वर्षं लागली. झाला त्या दिवशी सगळी वाहतूक वरून गेली. फाटकाच्या दोन्ही दांड्या काढल्या, खोलीला कुलूप लावलं, दोन्ही अंगाला दगडी भिंत घातली. चाचांची बदली उमरीकडच्या एका फाटकावर झाली. जाताना मला म्हणाले, "अप्पा, लातुरात जा. तिथं खानावळ टाक. मंडळींच्या हाताला चव हाय."

मी म्हणालो, "मी कुनाच्या गावात जाऊन वाढपी व्हनार न्हाई."

न्हावी गेला, पंक्चरवाला पुलाच्या पलीकडच्या टोकाला गेला, पेरूवाल्या बाजारात बसायला लागल्या. मी राहिलो. रोज सकाळी भट्टी पेटवायचो. डोक्यावरून गाड्यांचा आवाज जायचा. दिवसाला दोन-चार गुराखी यायचे, ते उधार. मंडळी एकदा हळूच म्हणाली, "मामंजी बसले व्हते तसं बसून राहिलाव तुमी." मी तिच्यावर ओरडलो. ओरडलो, कारण खरं होतं. बाप तीन वर्षं बसला होता. माझे आठ महिने झाले होते. आणि मला आतून कळत होतं की मी काही उठणार नाही. उठायचं म्हणजे आपण चुकलो असं सगळ्यांपुढं म्हणायचं, आणि ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं.

एका रविवारी सकाळी चाचा आले. उमरीकडून गाडी बदलत बदलत आलेले. हातात पिशवी. मला वाटलं भेटायला आले. बसा म्हणालो. ते बसले नाहीत. पिशवीतून पाना काढला, बाकडं ओढलं, त्यावर चढले आणि माझ्या हॉटेलच्या पत्र्याचा पहिला नट सैल करायला लागले.

"चाचा, काय करून राहिलात?"

"पत्रा काढतोय."

"कुनाला इचारून?"

"इचारलं असतं तर तू नक्को म्हनला असतास. मग मला परत जावं लागलं असतं. तिकीट काढून आलोय मी."

मी खालून त्यांचा पाय धरला. रागानं. ते वरून शांतपणे म्हणाले, "अप्पा, आडतीच्या राजदूतनं लातुरात जागा घेतलीय, क्लासच्या मागच्या गल्लीत. मोकळी पडलीय. मी त्याला बोललो. तो म्हनला, अप्पाचे धपाटे मी फाटकात लई खाल्ले, येऊ दे त्याला."

"मी न्हाई जानार. लोक म्हनतील, अप्पा हरला."

"लोक? कोनचे लोक?" चाचांनी पाना धरलेल्या हातानं सगळीकडं दाखवलं. मोकळा माळ, भिंत, कुलूप लावलेली खोली. "हितं लोक हाएत का?"

मी त्यांचा पाय सोडला.

"तू जल्मभर थांबलेल्यांना खायला घातलंस," चाचा म्हणाले. "हितं आता कुनी थांबत न्हाई. समदी पोरं तिकडं थांबलीत. दोन दोन वर्सं. आईच्या हातचं न्हाई त्यांना. तिकडं फाटक पडलंय अप्पा, आन् तू हितं उघड्या रस्त्याला भट्टी पेटवून बसलास."

मंडळी आत भांडी बांधायला लागली होती. मला विचारलं नाही. तिनंही नाही. मग मी दुसरं बाकडं ओढलं आणि पलीकडच्या बाजूचा नट सोडायला लागलो. चाचा म्हणाले, "तो नक्को, तो गंजलाय. त्याला तेल लाव."

लातूरची खानावळ चालली. येसराची आमटी, भाकरी, रविवारी धपाटे. कितीतरी पोरं जेवून गेली. काही आता नांदेडला, काही कुठं कुठं दवाखाने टाकून बसलीत. कधी कुणी येतं, पाया पडतं, "अप्पा, तुमच्या भाकरीवर झालो डॉक्टर," म्हणतं. मी म्हणतो, माझ्या नाही. त्यांना वाटतं म्हातारा नम्रपणा करतोय. मी नम्रपणा करत नसतो, माझ्या ओळखीचे सगळे सांगतील.

पण त्या रविवारचं शेवटचं सांगायचं राहिलं.

दुपारी टेम्पो भरला. पत्रे, बाकडी, भट्टी, भांडी. मंडळी पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. मी आणि चाचा मागं, पत्र्यांवर, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या उघड्या खिडकीपाशी. टेम्पो पुलाला लागला. पूल झाल्यापासून मी एकदाही त्यावर पाय ठेवला नव्हता, शपथच घेतली होती. वर गेल्यावर सगळं गाव पहिल्यांदा एका नजरेत दिसलं. घळ, घळीतली पडकी घरं, नदी, माळावरची पत्र्याची वस्ती, आणि मधून गेलेले रूळ. चाचांना मी काहीतरी दाखवणार, तेवढ्यात खालून गाडीची शिटी आली.

चाचांचा हात एकदम खिडकीतून पुढं गेला, ड्रायव्हरच्या तोंडासमोर, पंजा उघडा. थांब.

ड्रायव्हर हसला. "चाचा, पूल हाय ह्यो. जाऊ द्या तिला खालनं."

चाचांनी हात मागं घेतला. मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिले, जसा काही दुसऱ्याचाच हात आहे. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला ओशाळलेलं बघितलं नव्हतं.

मी खिडकीतून ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "थांब."

"का अप्पा?"

"त्यांनी हात केला न्हवं? मग थांबायचं."

"अवो, मागं गाड्या हाएत..."

"असू दे. थांब म्हनलं ना."

माझा आवाज ऐकून त्यानं ब्रेक दाबला. पुलाच्या मधोमध टेम्पो उभा राहिला. मागं एक जीप, मग एसटी, मग ट्रक. हॉर्न सुरू झाले. कुणीतरी शिवी दिली. मी पत्र्यावर उभा राहिलो आणि मागं तोंड करून दोन्ही हात पसरले, कुणी पुढं येऊ नये म्हणून. खालून गाडी आली. एकेक डबा करत, सावकाश, आमच्या पायाखालून गेली. चाचा उठून उभे राहिले होते. वरची गुंडी लावलेली, तोंड रुळाकडं.

शेवटचा डबा गेला. चाचांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

"हां," म्हणाले. "आता चला."